दोन विषम आठवडे

आई,

माएलच्या पलंगावरची चादर काढली असशील तर परत घाल! वर्षातले विषम क्रमांकाचे आठवडे माझे, सम तिच्या आईचे, असं कोर्टानं ठरवलंय. पण सरलेल्या वर्षात आठवडे त्रेपन्न निघाले. त्रेपन्नाव्यानंतर लगेच पहिला, म्हणजे पुन्हा विषमच. आणि मी शहाणा, लेकीला घेऊन कोरीनच्या दारात उभा! ती चक्क हसली. "अरे, कॅलेंडर बघत जा की जरा! अजून तुझ्याकडेच आहे ती."

आम्ही तीन राजांच्या सणाचा केक आणायला गेलोय. आत लपवलेला दाणा ज्याला मिळेल तो राजा, म्हणून कुठला तुकडा कुणाला, हे घरातल्या धाकट्यानं टेबलाखाली बसून सांगायचं. गेल्या वर्षी सण सम आठवड्यात पडला, आपण दोघंच, म्हणून मी बसलो होतो, गुडघे दुखेपर्यंत.

यंदा माएल बसेल.

यानिक