झेंड्याच्या रंगात रंगवलेल्या हातपंपांपैकी विषारी कोणता, हे ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. पाणीपुरवठा अभियंता,
नवडांगा उपजिल्हा कार्यालय

विषय: चांदकाठी गावातील हातपंपांची आर्सेनिक तपासणी पुन्हा करणेबाबत.
संदर्भ: आपल्या दाराबाहेरील बाकावर बसून केलेल्या तोंडी विनंत्या.

महोदय,

अर्जदार जोबेदा खातून, मूळची नदीपात्रातल्या चर मोहनकाठी बेटाची. श्रावणात नदीने आमचे घर, गोठा आणि हिरवा रंग दिलेला चांगला हातपंप गिळला. तेव्हापासून मी मुलगा व सुनेसह चांदकाठीच्या बंधाऱ्यावर राहते. सून शेफाली हिला सातवा महिना आहे. आमच्याकडे हिरवा पंप फार उशिरा आला. तोवर लाल पंपाचे पाणी पिऊन माझ्या नवऱ्याचे तळहात खडबडीत होऊन चिघळले आणि त्यातच तो गेला.

चांदकाठीतही तपासणी होऊन विषारी पंपांना लाल व चांगल्यांना हिरवा रंग दिलेला होता. परंतु मागच्या विजयदिनाला कोणी मोठे साहेब येणार म्हणून पंचायतीने गावातील झाडून सारे पंप देशाच्या हिरव्या-लाल झेंड्यासारखे रंगवले. खाली हिरवा, माथ्यावर लाल. साहेब आले, टाळ्या झाल्या, जिलबी वाटली गेली. आता सारे पंप सारखेच दिसतात.

गावकऱ्यांना विचारा, असे आपण म्हणाल. विचारले. लाल पंपाच्या घरची मुलगी कोणी करत नाही, महोदय, त्यामुळे ज्याला विचारावे त्याचा पंप हिरवाच होता. आमचे शेजारी मोकबूल मुन्शी म्हणतात, "भाभी, आमचा पंप जन्माचा हिरवा! खुशाल न्या पाणी." त्यांची मुलगी यंदा लग्नाची आहे. हे सांगताना ते आपले तळहात लुंगीत लपवतात.

आपल्या कार्यालयातील बाबूंना विनवले, तर ते म्हणाले, "चाची, खालचा भाग हिरवा आहे ना? पाणी खालूनच येतं. झालं तर मग!" सारी खोली हसली. पुढच्या खेपेला म्हणाले, "झेंड्याच्या रंगाची तक्रार करतेस? आत जायचंय का?" त्यानंतर सल्ला मिळाला की पाणी उकळून प्यावे. उकळल्याने पाणी उडते, विष भांड्यातच राहते, हे पाणीखात्यात बसून ठाऊक नसेल तर तो पगार कशाचा घेता? स्पष्ट लिहिते, मला या कारभाराची किळस आली आहे. त्या हसण्याची तर ओकारी येते.

सबब, आसपासच्या चार पंपांचे पाणी चार बाटल्यांत भरून आणले आहे. चारही नितळ आहेत, चवीलाही सारख्याच. तपासणीच्या पेटीतले रसायन संपले आहे, असे कळते. तेव्हा आपणच यातील एक बाटली निवडून सर्वांदेखत प्यावी. आपण जी प्याल, त्याच पंपावर मी सुनेला धाडीन.

मी बाहेर बाकावर बसले आहे. शेफालीही सोबत आहे. तिने सकाळपासून पाणी प्यायलेले नाही, आणि कोणते प्यावे हे सांगायची हिंमत माझ्यात उरलेली नाही.

आपल्या उत्तरासाठी खोळंबलेली,
जोबेदा खातून
मु. बंधारा, चांदकाठी
दिनांक: १२ कार्तिक

सोबत: १) पाण्याच्या बाटल्या, चार.
२) पेला, साहेबांकरिता.