बांनी केलेलं उद्घाटन

भेस्तान, सुरत

तीर्थस्वरूप धुडकूमामांच्या आणि शोभामामींच्या पायांवर तुमच्या सुकदेवचं डोकं (केस कमी झालेत, पण नमस्कार पूर्वीइतकाच). मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला तंबाखूमुळे नाही हे तुम्ही कळवलंत, डॉक्टरलाही कळवा. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि मग अख्खा पार ऐकतो, म्हणून लिहितोय.

तुम्हाला माहीत आहे, वर्षा साडीच्या कारखान्यात घडी घालायला जाते आणि मी तिथलीच खोकी टेम्पोत भरून मार्केटला पोचवतो. त्या कारखान्याच्या फाटकावर गुजरातीत मोठी पाटी आहे, ‘महिला अमारुं गौरव’. आणि आत, मामा, या गौरवाच्या संडासाला दिवाळीपासून कुलूप! बायका सारख्या उठतात, घड्या कमी पडतात, असं मॅनेजर धर्मेंद्रभाईचं म्हणणं. (स्वतः हा माणूस तंबाखू थुंकायला दिवसभर बाहेर असतो. तुमच्यावरून नाही बोलत.) बायका तक्रार घेऊन गेल्या तर म्हणाला, घरून जाऊन येत जा.

मग बायकांनी पाणी पिणंच सोडलं. सुरतचा उन्हाळा, डोक्यावर पत्रा आणि पाणी नाही. शेजारची उज्ज्वला तापाने फणफणून टेबलाखालीच आडवी झाली. डॉक्टर तिला रागावले, भरपूर पाणी प्यायचं म्हणाले. घरी येऊन ती पाण्याचा तांब्या पुढ्यात घेऊन रडत बसली. पिऊन जाऊ कुठे, म्हणे.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. कुणी संप म्हणालं, कुणी अर्ज. त्यात यवतमाळच्या कलाबाई, आवाज असा की मशीन चालू असतानाही ऐकू यावा, त्या म्हणाल्या, ‘उद्घाटनच करून टाकू ना बाप्पा त्याचं!’

मग काय विचारता! कलाबाईंच्या पोरीने, स्वातीने, मोबाइलवर गुजरातीत झोकदार निमंत्रण तयार केलं, शेठचा हात जोडलेला फोटो घालून: आधुनिक महिला स्वच्छतागृहाचं उद्घाटन, शुभहस्ते शेठच्या मातोश्री. लोकल चॅनेलला पाठवलं, आजूबाजूच्या कारखान्यांना पाठवलं. मातोश्रींकडे, म्हणजे बांकडे, कलाबाई नारळ घेऊन स्वतः गेल्या. बा हरखल्या. आजवर त्यांना कुणी कशाचं उद्घाटन करायला बोलावलंच नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी संडासाच्या दाराला झेंडूचं तोरण, पुढे रांगोळी, साडीच्या काठाची फीत. शेठ गाडीतून उतरतात तो आई खुर्चीत बसून ताक पितेय, समोर कॅमेरा, पाहुणे टाळ्या वाजवतायत. शेठला वाटलं हे धर्मेंद्रभाईने ठरवलं, धर्मेंद्रभाईला वाटलं शेठने. दोघांनीही एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं. शेठने तर भाषणही ठोकलं, की या भगिनींसाठी ही कल्पना मला पूजा करताना सुचली. आम्ही टाळ्या वाजवल्या. (मामा, माणूस समोरच्याच्या तोंडावर इतकं खोटं बोलतो तेव्हा टाळी आपोआप वाजते.)

फीत कापली. पुढे कुलूप! धर्मेंद्रभाई म्हणाला, चावी हरवली. कार्यक्रम इथेच संपायचा, पण बांचं तोवर तिसरं ताक झालं होतं. त्या हळूच म्हणाल्या, ‘दीकरा, मारे जवुं छे.’ बाळा, मला जायचंय.

शेठ म्हणाले, ‘घरे?’

‘ना. हमणां ज.’ आत्ताच.

शेठने ऑफिसातला संडास दाखवला. बा ऐकेनात. उद्घाटन मी याचं केलंय, जाईन तर यातच. कॅमेरावाली पुढे सरकली आणि धर्मेंद्रभाईला चावी त्याच्याच खिशात सापडली. दार उघडलं, तर आत छतापर्यंत साड्यांची खोकी! वरचं एक घसरून शेठच्या पायावर पडलं.

बांनी खोक्यांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. ‘तो आ छोकरीओ क्यां जाय छे?’ या पोरी जातात कुठे?

मग उज्ज्वला पुढे झाली, हळू आवाजात म्हणाली, ‘जातच नाही, बा. पाणीच पीत नाही.’ शब्द बांना कळले की नाही, ठाऊक नाही. पण हातातला ताकाचा ग्लास त्यांनी खाली ठेवला. मुलाला एवढंच म्हणाल्या, ‘काढ.’ आणि मामा, सिल्कच्या झब्ब्यात, कॅमेऱ्यासमोर, शेठने सगळी खोकी स्वतः बाहेर काढली. बा तोवर ऑफिसात गेल्या नाहीत. पाय आवळून बसून राहिल्या. जाताना कुलूप आपल्या पर्समध्ये टाकून घेऊन गेल्या.

आता दार उघडं असतं. उज्ज्वला बाटलीभर पाणी घेऊन कामाला बसते. आणि फाटकावर नवा बोर्ड लागलाय: खोकी उचलतानाचा शेठचा फोटो, खाली लिहिलंय, ‘सेवा ए ज संस्कार’!

आपला भाचा,
सुकदेव

ता. क. मागच्या गल्लीतल्या कारखान्यात मालकाने पंखे काढून नेलेत. तिथे नव्या पंख्यांचं उद्घाटन करायचं ठरतंय. त्या शेठला आई नाही, म्हणून भारदस्त पाहुणा हवा. तुमच्या मिशा आहेत, जाकीट आहे. तोंड उघडलं नाही तर तुम्ही मंत्री दिसता. शनिवारी या.

ता. क. २. मामा, मी वर्षा. यांनी ‘आम्ही आम्ही’ लिहिलंय ते मनावर घेऊ नका. कार्यक्रम संपेपर्यंत हे टेम्पोखाली झोपून बिघाड शोधत होते, टेम्पो चांगला होता. आणि पाहुण्या म्हणून बायकांनी मामींना ठरवलंय. तुम्ही आलात तरी चालेल, पिशवी धरायला कुणीतरी लागेलच.