बदकाच्या चरबीचा तवा

२ डिसेंबर, रविवार
आज हनुक्काचा, आम्हा ज्यूंच्या दिव्यांच्या सणाचा, पहिला दिवा. बदकाची चरबी कढवली, तिच्यात बटाट्याचे तेरा लाटके तळले. किसून-पिळून हात गेले! मग मांसाचा तो आजीचा, काठाला खाच असलेला लोखंडी तवा घासला आणि दोन्ही तव्यांच्या दांड्यांना नवे दोरे बांधले — मांसाच्याला लाल, दुधाच्याला निळा; आमच्यात मांस आणि दूध कधी एका भांड्यात जात नाही. मोतीबिंदू असला तरी हे काम मी कुणाला देत नाही.

उद्या मुलगा नाफताली आणि सून हिल्डे येतील. सूनबाईंनी दोन वर्षं शिकून आपला ज्यू धर्म घेतला, तिर्झा नाव घेतलं. माझ्या तोंडात ते नाव काही बसत नाही.

३ डिसेंबर
वाटोळं झालं!

चीजचे घावन मी करते, हिल्डे म्हणाली, करू दिले. सणाचे दिवे जळत असतात तोवर आम्ही बायका कामाला हात लावत नाही, म्हणून तिनं आधीच करून ठेवले. छान खरपूस. तवा उचलायला गेले तर अंगठ्याला काठाची खाच लागली. आजीचा तवा! काल बदक, आज चीज! सगळे घावन कचऱ्यात.

मी म्हटलं, "दोन वर्षं शिकलीस ना? काय शिकलीस?"

तिनं दांडीकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे. "चुकलं, आई."

नाफतालीनं कोट चढवला. गेले दोघं. सणाचे उरलेले दिवस येणार नाहीत म्हणे.

४ डिसेंबर
आमच्या धर्मगुरूंना, रब्बींना, फोन केला. लोखंड आहे, लाल होईपर्यंत तापवा, नव्यासारखा होईल, म्हणाले. मग सुनेची चौकशी केली. मी विषय बदलला.

 जेवताना माझ्या नवऱ्यानं, अन्शेलनं, एवढंच विचारलं, "तुला तवा हवाय की पोरगी?"

५ डिसेंबर
अन्शेल अँटवर्पभर फिरून एका लोहाराकडून तवा तापवून घेऊन आला. कसा लख्ख झालाय! आनंद मात्र होत नाही. दोनदा फोन उचलला, ठेवला.

६ डिसेंबर
अन्शेलच्या कोटाचे खिसे रिकामे करताना दोरा सापडला — भट्टीत घालण्याआधी दांडीवरून कापलेला. खिडकीपाशी नेला, डोळ्यांजवळ धरला.

लाल नव्हे, निळा. रविवारी मीच बांधलेला.

लगेच फोन लावला. "तिर्झा, चूक माझी होती गं. तू बोलली का नाहीस?"

 ती म्हणाली, "संध्याकाळी येतो आम्ही. पण आई, दोरे मी बांधणार."

बांध गं बाई.