उंच जोत्याचं घर

मिरजगाव,
४ फेब्रुवारी २०२५

ती. लंकाआत्यास,
रेश्माचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. पण फोनवर बोलायचं तर इथं भिंतीला भिंत, सगळं सगळ्यांना ऐकू जातं.

घरकुल पुरं झालं. दिव्यांगांसाठीचं, माझ्या नावावर मंजूर झालेलं. दारावर माझंच नाव रंगवलंय. कांद्याचा टेम्पो उलटून पाय गेले, तेव्हापासून एवढीच आस होती की घरात चाकांची खुर्ची फिरावी, संडासला जाताना कुणाला हाक मारावी लागू नये. आणि कल्याणदादाने जोतं घेतलं मांडीएवढं उंच, पुढं चार पायऱ्या! विचारलं, तर म्हणाला, पावसाचं पाणी शिरतं, आणि तुला उचलायला मी आहे ना. प्रेमानेच म्हणाला गं. मग मला राग का आला? सोळा तारखेच्या रविवारी वास्तुशांत. आनंद करावा की काय, उमगत नाही.

लोभ असू दे, चार शब्द रागाचेही चालतील.
तुझी,
रेश्मा

खर्डा,
१० फेब्रुवारी

चि. रेश्मास,
लंकाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

हरभरा काढायला आलाय, म्हनून वास्तुशांतीला यायचं जमंना. कल्याण वाईट न्हाई. दवाखान्यात तुला पाठीवर घेऊन फिरलाय त्यो. पर मला बी एक कळंना, दिसभर त्यो रानात, मग तुला उचलनार कोन? तोंड उघडून सांग त्येला. का नगंच सांगू? कार्याच्या तोंडावर भांडान नको वाटतं. माझंच डोकं चालंना, तुला काय शहानपन शिकवू!

रागात उपाशी राहायची तुझी खोड हाय. जेवत जा.
मायेची,
आत्या

मिरजगाव,
१८ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न.

वास्तुशांत झाली आणि मी अंगणातच राहिले. सगळ्या पाहुण्यांदेखत दादा उचलायला वाकला, आणि माझ्या तोंडून गेलं, नको, माझ्या घरात मी गाठोड्यासारखी जाणार नाही. भटजी थांबले. शेवटी दादा-वहिनी पूजेला बसले. पुरणपोळीचं ताट मला बाहेर आलं. वाटलं होतं, बोलून मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. पूजावहिनी म्हणाली, चार माणसांत त्यांची मान खाली घातलीस.

आता ती सगळी नव्या घरात, मी जुन्या खोलीत. दादा दूध आणून ठेवतो, बोलत नाही. काल पायऱ्यांपुढे मुरमाची ट्रॉली ओतली. गोठ्यासाठी असेल का? विचारायचा धीर होईना. मी चुकले का आत्या?

राग आला तरी माया ठेव.
रेश्मा

खर्डा,
२४ फेब्रुवारी

चि. रेश्मास अनेक आशीर्वाद.

चुकलीस का न्हाई, मला ठरवता येईना. कल्याणचा फोन आल्ता. म्हनला, आत्या, तिनं मला आधीच का न्हाई सांगितलं? मी म्हनले, तिनं इचारलं हुतं, तू आइकलं न्हाईस. मग म्हनतो, खुर्चीला चढ किती लांब लागतो? मला काय ठावं बाबा! म्हनलं, जिची खुर्ची तिला इचार.

जीव लावून राहा.
आत्या

मिरजगाव,
९ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

त्याने विचारलं नाहीच. पायऱ्यांवर मुरूम दाबला, माझी खुर्ची नेली, स्वतः तिच्यात बसला आणि चढायला लागला. निम्म्यात मागे घसरला आणि खुर्चीसकट आडवा! मला हसू आवरेना. तोही हसला आणि अंग झाडत म्हणाला, तूच सांग आता कसं करू. मी म्हटलं, चढ सरळ दारात नको, भिंतीच्या कडेने लांबवर घे. तसा घेतला, वर सिमेंट केलं, संडासचं दारही फोडून रुंद केलं.

परवा माझ्या हातांनी चाकं फिरवत मी घरात गेले. वहिनीने ओवाळलं, तिचा चेहरा अजून पुरता खुललेला नाही.

पण आता नवाच घोळ. दादा रानातून आला की उंबऱ्याशी थांबतो आणि विचारतो, येऊ का आत? थट्टा करतो की मनापासून, कळत नाही. ये म्हणावं, तर थोरल्या भावाला परवानगी देणारी मी कोण? विचारू नको म्हणावं, तर विचारलेलं आवडतंही. काल शेवटी म्हटलं, दादा, आधी पाय धुऊन ये. तो निमूट पाय धुऊन आला.

तुझी माया अशीच राहू दे.
रेश्मा