मुंग्या गेल्या म्हणालीस

ता. १७ जून, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार मागाहून, आधी बातमी: आज मी पाण्यात उतरले! काठावर बसून पाय बुडवले असलं काही नाही. चांगल्या खोल बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. मध्येच दम लागला, नाकात पाणी गेलं, आणि माझ्या पोहण्याच्या वर्गातल्या बारक्या पोरी काठावरून ओरडत होत्या, "मॅडम, गुडघे वाकवू नका! मॅडम, पाय सरळ!" वर्षभर मी जे त्यांच्या कानीकपाळी ओरडतेय, ते त्यांनी आज सव्याज परत केलं. आनंद पोटात मावेना, म्हणून केस न पुसताच लिहायला बसलेय. कागदावर डाग दिसले तर ते तलावाचं पाणी समज.

तू बरी ना? भाऊजींचा खोकला थांबला का? तुझ्या वर्कशॉपची नवी जागा उजेडाची आहे हे ऐकून फार बरं वाटलं. पडद्यांची एवढी मोठी ऑर्डर आहे खरी, पण दिवसभर उभी राहून कापत बसू नकोस.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला पहिलं वाक्यसुद्धा पुरं करू देत नाहीस. पत्राला मध्येच "ते असू दे, मी काय म्हणते" असं म्हणता येत नाही.

आज मी बूट घालून पोहले. हस खुशाल. पाण्यात घालायचे रबरी बूट असतात, निळे. नवरोबा म्हणाला, "बदकासारखी दिसतेस." म्हटलं, बदक कधी बुडलेलं ऐकलंयस का?

आता तुझा पुढचा प्रश्न मला इथे बसून ऐकू येतोय. मुरगळलेल्या पायाला पाण्यात बूट कशाला? आणि मुरगळलेला पाय बरा व्हायला इतका वेळ कसा लागतो?

ताई, पाय मुरगळला नव्हता.

एप्रिलमध्ये स्पर्धेसाठी पोरींची निवड चाचणी होती. भर उन्हात. काठावरच्या फरशा तव्यासारख्या तापलेल्या, पोरी एका पायावर नाचत सावलीकडे पळत होत्या, आणि मी घड्याळ हातात धरून अनवाणी उभी. मला वाटलं, इतकी वर्षं अनवाणी वावरून तळवे टणक झालेत! तोऱ्यात होते अगदी. दुसऱ्या दिवशी एक पोरगी म्हणाली, "मॅडम, फरशीवर लाल पावलं उमटलीयेत." मी घाबरले. कुणाला लागलं? सगळ्या वर्गाला ओळीत उभं केलं आणि एकेकीचा पाय तपासला. शेवटी त्या पोरीनेच माझ्याकडे बोट दाखवलं.

उजव्या तळव्याला, करंगळीच्या खाली, भला मोठा फोड येऊन फुटलेला होता. दुखत होतं म्हणशील तर मुळीच नाही. न दुखणारी जखम ती काय जखम? घरातलं मलम लावलं, पट्टी मारली, मोजा चढवला आणि कामाला लागले. मग एक दिवस नवरोबा हुंगत हुंगत घरभर फिरायला लागला. "उंदीर मेलाय कुठेतरी." कपाट सरकवलं, पलंग हलवला. मीही त्याच्याबरोबर शोधत होते. ताई, तो वास माझ्या मोज्यातून येत होता.

पायांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण नजर करडी. त्यांच्या हातात एक नायलॉनचा धागा होता. "डोळे मिटा, स्पर्श जाणवला की 'हो' म्हणा." मी मिटले. वाट बघत बसले. शेवटी कंटाळून म्हटलं, "डॉक्टर, सुरू करा ना."

"दोन्ही पायांचं करून झालं," त्या म्हणाल्या.

डोळे उघडले तर नवरोबा भिंतीकडे बघत होता.

संसर्ग हाडापर्यंत गेला होता. करंगळी काढावी लागली. लिहिलं एकदाचं! उजव्या पायाची करंगळी, बाकीचा पाय शाबूत आहे, जखम भरलीय, आणि मी आज पोहलेय. रडू नकोस.

तुला सांगितलं नाही, कारण बाबांचा पाय गुडघ्याखाली कापला तेव्हा सगळं तूच केलंस. ते गेल्यावर म्हणाली होतीस, "आता पुन्हा घरात कुणाचा पाय बघायची माझ्यात ताकद नाही." मधुमेह तर बाबा आपल्या दोघींनाही देऊन गेले. मग मला 'मुरगळला' हाच शब्द सुचला.

आता रोज संध्याकाळी नवरोबा बॅटरी घेऊन माझे पाय तपासतो. ज्याला डोक्यावर सरकवलेला स्वतःचा चष्मा सापडत नाही, तो! परवा "काहीतरी आहे!" म्हणून ओरडला. मोज्याचा धागा होता. आम्ही दोघं हसून हसून लोळलो.

जखम भरली, आता हे कधीच सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण रविवारी फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "पायांत मुंग्या यायच्या ना, त्या गेल्या बाई. आता काहीच वाटत नाही." आणि लगेच पडद्यांच्या रंगांवर गेलीस. माझ्याही मुंग्या अशाच गेल्या होत्या. मीही खूश झाले होते. ताई, पाय मुका झाला होता ग माझा.

म्हणून आत्ता, हे वाचतेस तिथेच, मोजे काढ. उजेडात बस. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेव, नाहीतर कुणाला तरी बघायला सांग. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा बघ. बुटात हात घालून चाचपून बघ. काही दिसलं तर घरचं मलम नको, सोलणं-कापणं नको, त्याच दिवशी डॉक्टर. काही दिसलं नाही तरी डॉक्टरकडे जा, त्या धाग्यासाठी. मी शनिवारी येतेय. मला किती शिव्या घालायच्या त्या घाल, पण आधी बघ.

तुझे दोन्ही पाय घट्ट धरून,
तुझी बेडकी

*

ता. २० जून, सकाळ

बेडके,

खोटारडी कुठली! बोट गेलं आणि मला बदकाचे विनोद ऐकवतेस? तुला काय बोलायचं ते समोरासमोर बोलीन. आधी माझी बातमी ऐक.

पत्र मी वर्कशॉपमध्येच वाचलं, उभ्या उभ्या. "मोजे काढ" पाशी आले आणि म्हटलं, आली मोठी शहाणी. तरी खुर्ची ओढून बसले. उजवा मोजा निघाला. डावा टाचेपाशी अडला. चिकटला होता. मशीनवरच्या बाईला हाक मारली. तिने माझा बूट उलटा केला आणि किंचाळलीच. टाचणी ग! तळातून आरपार वर आलेली. डोकं जमिनीवर घासून चकचकीत झालेलं. कोण जाणे कधीपासून मी तिच्यावर उभी राहून पडदे कापत होते, आणि जगाला सांगत होते की पाय आता झकास आहेत!

मोजा ओढला नाही. तुझे भाऊजी खोकत खोकत गाडी घेऊन आले आणि तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मोजा भिजवून सोडवला, जखम साफ केली, हाडाचा फोटो काढला. हाड स्वच्छ आहे. ऐकलंस? स्वच्छ! "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले, "कुणी पाठवलं?" म्हटलं, माझ्या धाकट्या बहिणीने.

मग तो धागा. डोळे मिटून मीही वाट बघितली. पण "सुरू करा" म्हणाले नाही. काय चाललंय ते मला ठाऊक होतं. डोळे उघडले आणि तिथेच रडले. पायासाठी नव्हे. तू तिकडे त्या धाग्यासमोर बसली होतीस आणि मी इथे पडद्यांचे रंग निवडत होते, म्हणून.

आणि ते ताकदीचं बोलणं. बाबांना जाऊन तेव्हा चार दिवस झाले नव्हते. दमलेली बाई काहीही बोलते. ते इतकी वर्षं उराशी धरून बसायचं असतं का, वेडे?

मला आता टाच टेकवायला बंदी आहे. कोचावर पाय वर करून आडवी पडलेय आणि इथूनच सगळ्यांना हुकूम सोडतेय. भाऊजी मला म्हणतात, "तू लवकर बरी हो, आमच्यासाठी."

शनिवारी पहिल्या गाडीने ये. दार तेच उघडतील. आत आलीस की काही बोलू नकोस, नुसती माझ्या शेजारी बस आणि तो पाय माझ्या मांडीवर दे.

तुझीच,
ताई