उभी राहिली की बंद पडते

लातूर, चैत्रातला मंगळवार

डोकं अजून तापलेलं हाय. गॅस किट बसवल्यापासून व्हॅननं कधी कुरकुर केली न्हाई, पण या आठवड्यात जरा थांबवली की थरथरून बंद पडते. आज औशाला भर बाजारात बंद पडली, मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या. मिस्त्रीनं परत गॅसचा स्क्रू फिरवला, प्लग पुसले. म्हणाला, "मालक, दुष्काळाची धूळ हाय, मी काय करू?" त्याला नको नको ते बोललो. वडील, म्हणजे अप्पा, सीटवर गप बसून ऐकत होते.

घरी आल्यावर मीच त्यांची सीट उचलली. खाली इंजिनात हवा जाते त्या नळीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. टँकरचं पाणी गाळायचं आमचं फडकं. ते हरवलं म्हणून मी आठवडाभर बायकोशी भांडतोय.

"घागरीला बांधतो तसंच बांधलं," अप्पा म्हणाले. "लई धूळ खात होती ती."

मग मिस्त्रीपुढं तोंड का उघडलं न्हाई?

"तू कुठं विचारलंस?"

फडकं सोडलं, गाडी जागेवर शांत चालली. ते काळंकुट्ट फडकं त्यांच्यापुढं आपटलं. तर म्हणतात, धुऊन टाक.

कशानं धुऊ?