हिरव्यावरून अडलेला साखरपुडा

मुक्काम मल्लवी

आदरणीय लबीबमामा,

तुमच्या हाताचा मुका. अलेक्झांड्रियाच्या दमट हवेत तुमचा गुडघा काय म्हणतोय? इथे सगळे खुशाल, म्हणजे आता खुशाल. माझा साखरपुडा एकदाचा झाला हो! मधे तो मोडल्यातच जमा होता.

झालं असं, की फेब्रोनियाच्या घरचे बोलणी करायला आले. नाताळाआधीचा उपास, म्हणून आईने तआमिया, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांचे कोथिंबीर घातलेले वडे, तळलेले. बाबांनी एक वडा फोडला आणि (रविवारच्या शाळेत कॉप्टिक, आपली प्रार्थनेची जुनी भाषा, शिकवतात ना, घासाआधी धडा!) म्हणाले, "बघा कसा हिरवागार! कॉप्टिकमध्ये ऊएतऊओत!" माझे होणारे सासरे मुअल्लिम सिदराक हे चर्चचे गवई, जन्मापासून आंधळे, सगळी प्रार्थना कानाने शिकलेले. त्यांचा घास हातातच राहिला. "वेदवोद म्हणा. माझे पणजोबा असंच म्हणायचे." बाबा ऐकतात होय! म्हणाले, शब्द फॅरोंच्या काळातला, ओल्या लव्हाळ्यावरून आलेला, वाटेत तुमच्या पणजोबांनी त्याचा चुराडा केला. मुअल्लिम कडाडले, "चुराडा तुमच्या शाळेने केला, ग्रीकांच्या उच्चारांची नक्कल करून! डोळे असून धड हिरवा म्हणता येत नाही तुम्हाला?" झालं, बोलणी राहिली बाजूला. मुअल्लिम उठून चालू लागले, फेब्रोनिया माझ्याकडे बघत त्यांच्यामागे गेली. (उपास कसला, मला पाणीसुद्धा गोड लागेना.)

शेवटी आमच्या चर्चचे पाद्री अबूना बिसाद यांचे पाय धरले. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, साखरपुड्याच्या प्रार्थनेला बाबांना उत्तरेच्या रांगेत उभं करू, मुअल्लिमांना दक्षिणेच्या. स्तोत्राचं एक कडवं या बाजूने, एक त्या बाजूने. एक बाजू गाताना दुसरीने तोंड उघडायचं नाही, आणि वेदीसमोर हा रिवाज मोडायची दोघांचीही छाती नाही. तसंच झालं! दोघे आपापल्या उच्चारात गायले आणि दुसऱ्याच्या कडव्याला नुसते दातओठ खात उभे राहिले. अंगठ्या चढल्या. मी हुश्श केलं ते म्हणे मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

तुमचा भाचा,
बखूम

ता.क. खरं काम हे : खरा उच्चार कुठला, असं दोघेही तुम्हाला, घरातले वडीलधारे म्हणून, पत्राने विचारणार आहेत. लग्न होईपर्यंत चष्मा हरवलाय म्हणून कळवा, तुमच्या पाया पडतो.

ता.क. २ : भांडण नको म्हणून फेब्रोनियाने आमच्या नव्या खोलीला पांढरा रंग लावून घेतला. बाबा आत्ताच आत आले, भिंतीकडे बघून त्यांनी घसा खाकरलाय (पांढऱ्यालाही कॉप्टिक शब्द आहेच हो!), आणि जिन्यावरून मुअल्लिम विचारताहेत, "रंग कुठला दिलात?" मामा, चष्म्याचं राहू द्या. तुम्हीच या.